सागाला कुऱ्हाड लावू नकोस

पुणे

चि. नाथास दादाचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. मोरिवलीला पाणी येतंय ना? तुझ्या रखमाचा गुडघा कसा आहे?

वादळात पडलेल्या आपल्या सागाला भुंगा लागू नये म्हणून तू नेहमीसारखा साल तासायला बसशील, हीच धास्ती आहे. थांब बाबा! आपली मनाली खोडातल्या वर्तुळांवरून जुने दुष्काळ शोधते. सालीलगतचं वर्तुळ यंदाचं, तिथून मागे मोजायचं. तेच तासलं गेलं तर कुठलं वर्तुळ कुठल्या वर्षाचं, कसं कळणार? “आजोबा, काकाआजोबांना आवरा,” म्हणून पोरगी जेवलीसुद्धा नाही.

तुझा फोन लागत नाही, म्हणून टेम्पोवाल्याकडे चिठ्ठी देतोय.

साल काढली असशील तर लपवू नकोस. मनालीला मी समजावीन, तुला रागावू देणार नाही.

तुझाच,
हरिचंद्रदादा