मनूचा बहावा

१ ऑगस्ट
मनूला जाऊन वीस दिवस. अस्थी घरात आणायच्या नाहीत, म्हणून कलश जिन्याखाली खुंटीला. थोरले भाऊ नाना म्हणतात, तापीत सोडा. सौ. ऐकत नाही. पोरगी अंगणातच राहील, वर झाड लावा म्हणते.

३ ऑगस्ट
दोंडाईचा, नर्सरी. गुलमोहर नको, वादळात आडवा होतो. पांगाऱ्याला काटे. शिरीषाच्या शेंगा वाळल्या की खुळखुळत राहतात, ऐकवणार नाही. उरले ताम्हण नि बहावा. नर्सरीवाला म्हणाला, "मास्तर, तुमची जमीन काळी. ताम्हण पाणी सोसतं. बहाव्याच्या बुडाशी साचलं की तो संपला."
मला बहावाच हवा. पिवळा. मनूची सायकल पिवळी होती.

४ ऑगस्ट
सौ.ला बकुळ हवी, सदा हिरवी. "पानं झडतस असं झाड माले नको. एक गयी, तेवढं बस शे."
मी शिकवायला लागलो. थंडीत ऊन येईल, उन्हाळ्यात सावली वगैरे. जित्याची खोड. शेवटी ती उठून आत गेली. बहावा आणला. कलश खड्ड्यात रिकामा केला, दोघांनी माती लोटली.

१९ नोव्हेंबर
सौ. तीन महिने अंथरूण धरून होती. हल्ली सकाळ-संध्याकाळ उठते, झाडाला बादलीभर पाणी. मग तिथंच बसून मनूशी बोलते. आळ्यातलं पाणी आटतच नाही. सांगायला हवं. पण ती उठते ती तेवढ्यासाठीच.

२ मार्च
सगळी पानं गेली. सौ. जेवली नाही. म्हटलं, बहावा असाच, वैशाखात येतील. छातीठोक सांगितलं.

२१ मे
कोपऱ्यावरच्या शाळेतला बहावा पिवळाधमक, पालवीसुद्धा आली. आमची नुसती काडी. बुडाशी बोट घातलं. चिखल, आंबूस वास. आज सांगणारच होतो. ती पदर खोचून बादली घेऊन आली. मी बाजूला झालो. भित्रा आहे मी. नर्सरीवाल्याचं ऐकलं असतं तर...

४ जून
नखानं खरवडून सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत, हे मीच तिला कधीतरी शिकवलेलं. आज म्हणाली, "नख लाईसन देखा. जित्तं शे का?"
चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता. तिची उद्याची बादली मीच आत्ता भरून जिन्याखाली ठेवलीय.