चावीचं की आपोआपचं

मुंबई, ६ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

पोस्टातून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी महत्त्वाचं फोनवर बोलायचं नाही हा तुमचा कायदा चालूच आहे. म्हणून हे पत्र. तुमच्या पंचाहत्तरीला स्विस घड्याळ घेतोय. किंमत विचारायची नाही. डायल एकच, पण आतलं मशीन दोन प्रकारांत मिळतं. जुन्या पद्धतीच्याला रोज हाताने चावी द्यायची. नव्यात हात हलला की चावी आपोआप भरते, आणि काढून ठेवलं तरी ते सत्तर तास चालतं. मी पडलो इंजिनिअर, माझं मत नव्याला.

चीफ इंजिनिअरची तोंडी परीक्षा १० डिसेंबरला आहे. पास झालो तर जहाज तयारच आहे. आईला नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

मितेश

मालवण, १२ सप्टेंबर

चि. मितेश यास अ. उ. आ.

तुझं मत वाचलं आणि बाजूला ठेवलं. मला चावीचंच पाहिजे. घड्याळ आपलं आपण चालणार, तर सकाळी उठून मी करायचं काय? जुनं मशीन कणकवलीचा गणपत निदान उघडून तरी बघेल. नवं बिघडलं की तू ते विमानात घालणार आणि मी शेजाऱ्यांना वेळ विचारत फिरणार. तुझी आई म्हणते, रिटायर माणसाला वेळ कळून उपयोग काय.

आता मुख्य मुद्दा. गेल्या वर्षी माझ्या हर्नियासाठी धावत आलास आणि परीक्षा बुडवलीस. चार दिवस खाटेशी बसून मोसंबी सोलण्यापलीकडे काय केलंस? यंदा इथे आभाळ कोसळलं तरी मुंबई सोडायची नाही. हा हुकूम समज. बाकी माया आहे तशीच आहे.

बाबा

मुंबई, ४ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

तुमचं न ऐकता नवंच पाठवतोय. या वयात ती बारीक चावी पिरगाळत बसायला नको. नुसतं हातात घाला आणि मिरवा. राग आला तर परीक्षा झाल्यावर काढा.

मितेश

मालवण, ३ नोव्हेंबर

चि. मितेश यास अ. उ. आ.

तुझं नवं मशीन आळशी आहे. दोन-तीन दिवसांनी बंद पडतं, मध्येच एखाद्या दिवशी ठणठणीत चालतं, पुन्हा झोपतं. आपला धोंडू मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर परत पाठवतोय. दुकानदाराला दोन शब्द ऐकव. आमचं इकडे सगळं ठीक. अभ्यास कर, जेवत जा.

बाबा

मुंबई, १८ नोव्हेंबर

ती. आईस सा. नमस्कार,

हे पत्र मुद्दाम तुला. दुकानात आठवडाभर घड्याळ तपासलं, एका मिनिटाचाही दोष नाही. पट्ट्याच्या कड्यांत मात्र खोबऱ्याचा कीस निघाला. दुकानातले पोरगे हसले, मला हसू येईना. बाबांनी जन्मात नारळ खवलेला नाही, म्हणजे घड्याळ तू घालत होतीस. हे मशीन हातावर असूनही बंद पडतं, कारण तो हात हलत नाही. बाबांच्या डाव्या हाताला काय झालंय? फोनवर तुम्ही दोघं विषय बदलाल. खरं लिही, नाहीतर पुढच्या शनिवारी मी गाडीत बसलो म्हणून समज.

तुझा मितेश

मालवण, २२ नोव्हेंबर

चि. मितेश यास आईचे अ. उ. आ.

पकडलंस बाबा. ९ ऑक्टोबरला सकाळी न्हाणीघरातून येताना यांची डावी बाजू लुळी पडली. कणकवलीला इस्पितळात आठ दिवस ठेवलं होतं. वाचा आणि उजवा हात शाबूत, त्यामुळे फोन आणि पत्रं पूर्वीसारखीच चालली. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, हात मात्र तसाच आहे. शुद्धीवर येताच पहिलं काय म्हणाले, तर "झीलाक कळवू नको गो."

घड्याळ डाव्याच हातात बांधून मागायचे. बंद पडलं की दिवसभर घुश्शात. मग दुपारी यांचा डोळा लागला की मी ते घालून आडाळ्यावर नारळ खवायची. दोन दिवस छान चालायचं! बोटांसाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू दिलाय, पण तो दाबायची यांना लाज वाटते.

येऊ नको असं मी सांगणार नाही. पण तू परत परीक्षा सोडलीस, तर त्याचा दोष ते स्वतःला देतील. काय ते तू ठरव. जीव सांभाळ.

आई

मुंबई, २६ नोव्हेंबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

मला सगळं कळलंय आणि मी रागावलोय. दोनदा बॅग भरली, दोनदा रिकामी केली. मी येत नाही, परीक्षा देतोय. हे लिहिताना बरं वाटत नाही.

नवं घड्याळ बदलून चावीचं पाठवलंय. तुमचंच बरोबर होतं. मात्र उजव्या हातात घड्याळ धरायचं आणि चावी डाव्या चिमटीने द्यायची. आईला हात लावू द्यायचा नाही.

मितेश

मालवण, ६ डिसेंबर

चि. मितेश यास अ. उ. आ.

घड्याळ मिळालं. पहिले तीन दिवस चावी बोटांतून नुसती निसटत होती. मी ज्या शिव्या दिल्या त्या पोस्टात चाळीस वर्षांत दिल्या नव्हत्या. तुझ्या आईने टीव्हीचा आवाज वाढवला. काल एक वेढा बसला. आज सहा. घड्याळ दुपारी चारपर्यंत चाललं.

आता एक गोष्ट, जी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. कळवू नको असं मीच म्हणालो होतो. पण त्या आठ दिवसांत खोलीचं दार वाजलं की दर वेळी मला वाटायचं, तू आलास. आणि यायची ती नर्स.

परीक्षा नीट दे. शेवटचा प्रश्न संपला की तसाच निघ. निकालासाठी थांबू नको.

वाट बघतोय,
बाबा