नवाबाचे दात

पौष शु. ३, शके १८६५. नळदुर्ग.

नवाबानं आज दूधभाकरी सोडली. तोंड लावलं, घोळवलं, टाकून दिलं. हनुवटी सगळी ओली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, त्याचं आता वय झालं असंल." मी म्हटलं, वय माझं झालंय, तो अजून गडी आहे. हसली नाही.

खरं तर हा बिनशेपटीचा विलायती उंदीर मला कधीच आवडला नाही. ही होती तोवर मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तहसीलदारांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बेगमसाहेबांनी तो हिच्या पदरात टाकला. पडद्याआड या दोघींची एवढी गट्टी कधी जमली, हे तहसील कचेरीत जन्मभर उर्दू कागद खरडणाऱ्या मला शेवटपर्यंत कळलं नाही. नावही बेगमसाहेबांनीच ठेवलेलं. दिवसभर खायचं आणि काम काही नाही, म्हणून नवाब.

आता ही नाही. नवाब आहे.

पौष शु. ५

दोन्ही वेळची वाटी तशीच परत. उचलून पाहिला, हाताला हलका लागला.

जेवायला बसलं की पहिला घास गाईसाठी बाजूला काढायचा, ही आमच्या घरची रीत. गाय विकली तरी हिनं घास काढणं सोडलं नाही, तो नवाबाकडं जाऊ लागला. पुढं हिचे दात पडले, ही दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागली, मग त्यालाही तेच. घास कसला, वाटीच. कधी मी म्हणायचो, अगं, त्या जनावराला गवत घाल. तर म्हणायची, "बेगमसाहेबांच्या घरचा पाहुणा तो. त्याला वैरण घालू व्हय?" वरून साय.

भाद्रपदात ही गेली. तेव्हापासून घास मी काढतो. तेवढ्यापुरती ही ताटाशी बसल्यासारखी वाटते. खोटं कशाला लिहू.

पौष शु. ६

पाटीत घालून सलोतरी रहीमसाहेबांकडं नेला. गुरांच्या सरकारी दवाखान्यात बैलं, घोडी दावणीला. त्यात मी पाटी घेऊन उभा. लोक डोकावून बघत होते. एकानं विचारलं, कोंबडी का? मी पाटीवर उपरणं ओढलं.

र. सा. आधी हसले. "मुन्शीजी, घोडे के दात तो मैं रोज घिसता. इत्ता छोटा मुँह पैली बार देखा." मग चमच्याच्या दांड्यानं तोंड उघडून पाहिलं आणि हसायचे थांबले. खालचे पुढचे दोन्ही दात वाढून आत वळलेत. विचारलं, खातो काय? मी ऐटीत सांगितलं: दूधभाकरी, साय.

"येच तो गलती हुई. इसके दात मरते दम तक बढ़ते. कडक खाया तो घिसते. नरम रोटी नक्को. कडबा डालो, हरळी डालो."

बघू म्हटलं आणि आलो. बघू कसलं? बंद करणार नाही.

पौष शु. ८

घास काढला. त्यानं हुंगला, मान फिरवली. बराच वेळ वाटी धरून बसलो.

श्रावणात एकदा हिला किल्ल्यातलं पाणी दाखवायला नेलं होतं. नवीन लग्न झालेलं. बंधाऱ्यावरून पाणी नुसतं कोसळत होतं. जाता-येता ही माझ्या मागं चार हात अंतर ठेवून, अवाक्षर नाही. मला वाटलं, आवडलं नाही. घरी आल्यावर मात्र तोंड थांबेना. पाणी कसं उडालं, वारा कसा आला, तुमची टोपी कशी उडता उडता राहिली! सगळं पाहिलं होतं तिनं.

हे आज का आठवावं…

पौष शु. ९

दुपारी ताटात दूधभाकरीची वाटीच नाही. विचारलं तर सूनबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, केली न्हाय. माझा तोल गेला. तुला या घरात येऊन किती दिवस झाले, ही रीत कुणाची, वगैरे वगैरे. बरंच बोललो.

ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामंजी, सासूबाई असत्या तर सलोतरीसाहेबांचं ऐकून त्यांनीच पयल्यांदा बंद केलं असतं. त्यांचा जीव व्हता त्याच्यावर. रीतीवर न्हवता."

भाताचा घास हातात तसाच राहिला. उठलो. ती पोर खरं बोलली, त्याचाच राग जास्त आला.

संध्याकाळी स्वतःच तिला म्हणालो, वाटी घासून वर ठेवून दे. बरं म्हणाली. पदरानं डोळे पुसताना पाहिली. मी न पाहिल्यासारखं केलं.

पौष शु. ११

दात कापले.

र. सा. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपून घरी आले. त्यांच्याकडची हत्यारं घोड्याच्या मापाची, म्हणून शेजारच्या सोनाराकडून बारीक कातर आणि कानस आणली. सूनबाईनं हिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, त्यात नवाबाला गुंडाळलं. धरायचं काम माझं. त्याचं काळीज माझ्या तळहातात धडधडत होतं. माझंही त्याला कळत असणार. र. सा. बिस्मिल्ला म्हणाले, मी मनात राम राम म्हटलं, कट्कन आवाज झाला. तुकडा उडून सूनबाईच्या पायाशी.

कानस फिरवून झाल्यावर विचारलं, आता खाईल?

"पीछे की दाढां बी थोड़ी बढ़ी, वां मेरा हात नै जाता. आगे का मैं किया. अब चबाया तो आपैच घिसेंगी."

चहा घेतला नाही त्यांनी, मोहरमचा रोजा होता. सोनार मात्र आपली कातर कशाला वापरली ते कळल्यावर नाक मुरडून बसलाय.

पौष शु. १३

चावत नाही. सवयच मोडलीय, जबड्यात जोर नाही. हरळी पुढं टाकली तर तीवरच बसला. नवाब तो नवाब.

सूनबाईनं फडताळातून बोंडलं काढलं. चिरंजीवांना याच बोंडल्यानं दूध पाजलेलं. आता ते हैदराबादला नोकरीत, मिशा राखून आहेत. मेथी, कोथिंबीर वाटून पातळ केली, कापडातून गाळली, थेंब थेंब तोंडात सोडली. निम्मी माझ्या धोतरावर. चिरंजीव लहान असताना ही असंच मांडीवर आडवं घेऊन पाजायची, मी लांबून बघायचो. पुरुषानं बोंडलं धरायचं नसतं म्हणे. कुणी ठरवलं कोण जाणे. धरायला हवं होतं, फार बरं वाटतं.

पौष पौर्णिमा

मळ्यावरून हुरड्याचं बोलावणं. सूनबाईनं जबरदस्तीनं धाडलं. गेलो. आगटीभोवती माणसं, हसणं-खिदळणं. ही कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायची आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत द्यायची. स्वतः शेवटी. आज कुणीतरी आयते चोळून दिले. गोड होते. 

येताना गड्याला म्हणालो, गेल्या सालचा चांगला कडबा बघून एक पेंढी दे. तो म्हणाला, "मुन्शीजी, जनावर घेतलं काय?" व्हय म्हटलं. घेतलंच की.

पौष व. २

सकाळपासून बोंडल्यातलंही गिळेना. सगळं गालावरून बाहेर. डोळे अर्धे मिटलेले. र. सा. दवाखान्यातून परस्पर आले, पोट चाचपलं. मग म्हणाले, "आज खुद खाया तो बचेगा, मुन्शीजी. मैं और क्या बोलूं."

कडब्याचं पान पुढं धरलं. हुंगलं नाही. परत धरलं. ओठाला लावलं. नाही. र. सा. समोर, सूनबाई दाराशी. एकदम तोंडातून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं, "खा रे बाबा. यमुनेची शपथ आहे तुला. खा."

सूनबाईनं पदर तोंडाला लावला. र. सा. जमिनीकडं बघायला लागले. उभ्या संसारात मी हिला नावानं हाक मारली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल नाव तेवढंच. बाकी सगळं अगं आणि ऐकलंस का. चारचौघांत असं घेतलेलं ऐकून ही लाजेनं आत पळाली असती.

दिवेलागण झाली. र. सा. अजून बसलेत. हे नवाबाच्या खोक्याशी बसूनच लिहितोय. पान त्यानं दातांत धरलंय, सोडत नाही. जबडा हलल्यासारखा वाटतो. सूनबाईला दिवा जवळ आणायला सांगितलाय, माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. यमुने, चावतोय का गं तो?