नाव काढलं

पवनी
१४ ऑक्टोबर २०२४

चि. लिलाधरभाऊजींना जिजाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज सकाळी रंजूला कॉलेजात पाठवलं. दुपारी शेजारच्या सीताबाई बसून गेल्या. संध्याकाळी घाटावर जाऊन आले. तेरवीनंतर घर रिकामं झालं. फोनवर माझ्याने बोलवत नाही, म्हणून लिहिते.

यांची नौदलातली पेटी तशीच भरलेली आहे. जायचं म्हणून जुना स्वेटर स्वतः रफू केला होता. घाटावर सगळ्यांना सांगत, की नौदलाने टाकलेलं आमचं जहाज आता शास्त्रज्ञांच्या कामाला लागलं, अन् मलेही भंगारातून उचललं. सीताबाई चिडवायच्या, की एवढ्या मोठ्या जहाजावर जाऊन राहिले, तर आधी गल्लीले मरळ खाऊ घाला. त्या मरळीसाठीच त्या दिवशी वाऱ्यात डोंगा नदीत घातला. डोंगा पालथा सापडला, हे नंतर. सीताबाई आता स्वतःलाच दोष देतात. मी त्यांना चहा करून देते.

रंजूचं म्हणणं, बाबांची नौदलातली शिटी त्या जहाजावर जावी. यांच्यासाठी ठेवलेल्या जागेवर कोण आलं ते कळवा. त्यालाच देऊ.

प्रकृतीला जपा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची वहिनी
जिजा


विशाखापट्टणम
२३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. वहिनीस,
लिलाधरचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. वहिनी, दादासाठी जागा ठेवलेलीच नव्हती.

आमच्या संस्थेची उपकरणं पाण्याखालचे आवाज ऐकतात. ती समुद्रात उतरवून तपासायला नौदलातून निवृत्त झालेलं, कमी आवाजाचं जहाज हवं होतं. आम्ही दोन पाहिली. मोठ्याची यंत्रं नवी होती, साहेबांचा कल तिकडे होता. लहान्यावर दादाने नोकरी केली होती. तो मला फोनवर म्हणाला होता, की ते एका इंजिनावर चालवलं तर चिखलातल्या मरळीसारखं गुमान राहते. तसं चालवून पाहिलं, खरं निघालं. लहान जहाज घेतलं. अहवालात ते माझं निरीक्षण म्हणून गेलं.

खलाशी निवडायचं कामही माझ्याकडेच होतं. उपकरणं उतरवायला दादाइतका चांगला हात दुसरा नव्हता. तरी लोक म्हणतील भावाला घेतलं, म्हणून मी त्याचं नाव खोडलं. तसं कोणी म्हटलं नव्हतं. मग मोबाईलवर लिहिलं, 'दादा, यादीतून तुझं नाव काढलं.' लगेच त्याचा फोन आला. हसत विचारत होता, की लहान्या, आता तुले साहेब म्हणून सलाम ठोकू काय. तो उलटं समजला, हे कळूनही मी गप्प बसलो. दिवाळीला येऊन समोर सांगू, असं ठरवलं.

सीताबाईंना सांगा, दोष त्यांचा नाही. रंजूलाही हे वाचू द्या. आता दिवाळीला यायचं धैर्य नाही. लोभ मागायलाही तोंड नाही, तरी मागतो.

आपला
लिलाधर


पवनी
४ नोव्हेंबर २०२४

चि. लिलाधरभाऊजींना जिजाचे आशीर्वाद.

पत्र रंजूला दिलं. तिने वाचून परत ठेवलं.

तुमचा तो निरोप यांना मीच वाचून दाखवला होता. यांना चष्मा सापडत नव्हता. घेतलं असतं तर तुम्ही 'घेतलं' असंच लिहिलं असतं, हे मला वाचतानाच कळलं. यांनी मला विचारलं, घेतलं न मले? कितीतरी दिवसांनी तोंडावर हसू होतं. मी हो म्हटलं. तुम्ही दिवाळीची वाट पाहत होतात, मी तुमची.

काल सीताबाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुमची आणि माझी. चहा अर्धा ठेवून त्या उठून गेल्या. आज आल्या नाहीत.

शिटी पाठवत आहे, जहाजावर टांगा. पण आधी तुमच्या साहेबांना सांगा, की एका इंजिनाची, मरळीची गोष्ट तुमची नव्हती. लग्न झाल्यापासून मी यांचं नाव कधी घेतलं नाही. आज लिहिते, म्हणजे तुम्हालाही अहवालात लिहिता येईल. मोतीलाल.

पुढच्या दिवाळीला या. रंजू बोलेल की नाही, सांगता येत नाही. माझा लोभ आहे तसाच आहे.

जिजा

ता. क. घाटावरच्या यांच्या डोंग्यात पावसाचं पाणी साचलं आहे. रंजू कॉलेजात गेली. पत्र टाकून तशीच पुढे जाते आणि जुन्या डब्याने ते काढून टाकते.