जिग्मेत रडतो

दोमखर, ता. ४ नोव्हेंबर

प्रिय अचो,

जुले. तू मठात खुशाल असशील. तिकडे दक्षिणेत म्हणे अजून घाम येतो. इथे सकाळी पाटाचं पाणी गोठायला लागलंय. आई म्हणते, थोरला भाऊ लामा झाला, आता त्याला 'तुम्ही' म्हणत जा. मला नाही बाई जमत. माझी वेणी याकच्या शेपटीला बांधणाऱ्याला कसलं आलंय तुम्ही!

जर्दाळू यंदा चांगले वाळले. सासऱ्यांचा गुडघा आहे तसाच. तुंडुप ट्रक घेऊन कारगिलला गेलाय. नवरा घरात असला तरी त्याच्या आईपुढे तोंड उघडत नाही, तेव्हा गेला काय नि असला काय, सारखंच.

तुझं पत्र पोचलं. तुझे गेलेले गुरुजी आमच्या जिग्मेतच्या रूपाने पुन्हा जन्माला आलेत का, हे पाहायला मठातली मंडळी नव्या वर्षाच्या लोसारआधी येणार, ही बातमी सासूबाईंनी गावभर केली. देवघर घासूनपुसून झालं. शेजारीण पाळण्यापुढे डोकं टेकवून जाते. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड वाटत होतं. पोर भूक लागली तरी रडायचं नाही. पूजेत कर्णे नि झांजा वाजल्या तरी ढिम्म. जीभ लांब, ओठांबाहेर येणारी. सासूबाई म्हणायच्या, "बुद्धाच्या बत्तीस लक्षणांतलं हे एक!" बेंबी फुगलेली, तर म्हणे तो शंख.

इथवर लिहून मी चहा घुसळायला उठले होते. आता लिहून टाकते.

दुसरा महिना सरत होता तेव्हा त्याला लस टोचायला लेहला नेलं. "फार शहाणा आहे हो, रडतच नाही," मी कौतुकाने सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. जीभ पाहिली, थंडगार तळवे चाचपले आणि विचारलं, "शी किती दिवसांनी करतो?" मनात म्हटलं, अवतारी लामांची, रिनपोछेंची शी विचारतेय ही! मग त्यांनी रक्त काढलं. सुई टोचली तरी तो घोगरं एकदा कुरकुरला आणि झोपला. रक्ताचा निकाल आला तेव्हा त्यांनी मला सगळं समजावलं.

अचो, आपल्या सगळ्यांच्या गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते. तिचा रस रक्तात उतरला की मेंदू वाढतो, हाडं वाढतात, आतडी हलतात, अंगात ऊब राहते. डोक्यातली दुसरी एक ग्रंथी तिला कामाला लावते. जिग्मेतची डोक्यातली ग्रंथी सारख्या हाका मारतेय, आणि गळ्यात ओ द्यायला कुणी नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शांत कसलं, तुमचं बाळ थंडीने आखडल्यासारखं झालंय. आणखी उशीर झाला असता तर बुद्धी गेली असती."

तो रस गोळीत मिळतो. रोज सकाळी माझ्या दुधात कुस्करून चमच्याने पाजते. जन्मभर द्यायची. आधीचे दिवस वाया गेले त्याचं काय, असं विचारलं, तर म्हणाल्या, "मोठा होईल तसं कळेल." मला त्याची फार भीती वाटते.

आता तो रडतो. अरे, काय रडतो! दूध मिळायला जरा उशीर झाला की वरच्या वाडीपर्यंत ऐकू जातं. परवा त्याने माझ्या डोक्यावरचा पेराक ओढला, सगळे पिरोजे धरून. मी हसत सुटले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "रिनपोछेला औषध पाजून बिघडवलंस!" आणि काल म्हणाल्या, "मठातली मंडळी येऊन जाईपर्यंत गोळी बंद ठेव. पुन्हा पहिल्यासारखा शांत होईल. मग दे हवी तर."

तुंडुप फोनवर म्हणाला, "थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच थोड्या दिवसांत पोराचा मेंदू वाढायचाय!

सासूबाई माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. मंडळींना येऊ नका म्हणून सांग. सासूबाईंना तुझ्या हाताने पत्र लिही, की लामा सांगतोय, गोळी चुकवायची नाही. गुरुजी गेल्यापासून तुझी काय अवस्था झालीय, ते मला ठाऊक आहे. त्यांना माझ्या घरी भेटशील या आशेवर तू आहेस आणि मी ती मोडतेय. लिहिताना रडू येतंय मला. पण गुरुजींना यायचं असेल तर ते दुसरीकडे कुठेही येतील रे. माझ्या पोराला हाच एक जन्म नीट मिळू दे.

तू मात्र ये. मामा म्हणून ये. तो तुझ्या मांडीवर बसून बोंबलेल, तुझी पोथी भिजवेल.

तू नाही म्हणालास, तरी गोळी आज दिलीय आणि उद्याही देणार.

तुझीच,
जिग्मेतची आई