कॅमेऱ्याचं झबलं

आदरणीय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितोय खरा, पण शर्यतीच्या दिवसापासून माझा उजवा खांदा संपावर आहे, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचाच समजावा.) तुम्ही आणि ताई खुशाल असाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? त्या दिवशी धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुम्ही ज्या वेगानं पळालात, त्यावरून गुडघा ठणठणीत असावा. फक्त पळताना तुमच्या हातात दोर नव्हता, मोबाइल होता, एवढंच जरा मनाला लागलं.

हे सगळं मी आपल्या घरच्या ग्रुपवरच लिहिणार होतो. पण तिथे हल्ली मी नुसतं 'सुप्रभात' टाकलं तरी खाली डोळ्यांतून पाणी काढून हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागते, म्हणून कागद घेतला. (शिंप्याला कागदाचा तोटा नसतो. मागच्या बाजूला कुणाच्या तरी पायजम्याची आखणी आहे, तिकडे लक्ष देऊ नये.) मुद्दा एकच आहे. तुम्ही काढलेला तो व्हिडिओ ग्रुपवरून ताबडतोब काढून टाका. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. एक तर माझा चष्मा तळ्याच्या तळाशी आहे आणि हे पत्र मी जुन्या, एका काचेला तडा गेलेल्या चष्म्यातून लिहितोय. दुसरं म्हणजे व्हिडिओ सुरू होताच तुमच्या हसण्याचा जो आवाज येतो, तेवढा मला पुरे झाला. साडू साडूला पाण्यात पाहतो, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलोय. पण त्याचं शूटिंग करून सगळ्या नातेवाइकांत वाटणारे तुम्हीच पहिले.

आता मी त्या होडीत कशाला तडमडायला गेलो, असं तुम्ही ताईंना विचारलं असणार. कारण आमची मनी. लहानपणी आंघोळीला घाबरून पलंगाखाली लपायची, म्हणून मी तिचं नाव मनी ठेवलं, आणि आता तीच मनी दिवसभर तळ्यावर कयाक वल्हवत असते. पुढच्या महिन्यात ती शिकायला लांब निघाली. ही तिची इथली शेवटची शर्यत. इतकी वर्षं मी काठावर उभा राहून तिचे फोटो काढले, ते सगळे शर्यतीआधी एकदा काढून बसलो, तर एकात पाण्यावर एक ठिपका, दुसऱ्यात जरा मोठा ठिपका, आणि धक्क्याजवळ आल्यावरचे जे आहेत त्यात नुसती टोपी. धक्का उंच, टोपी रुंद, आणि आमची कन्या मान खाली घालून वल्हवणारी. म्हणजे पोरगी निघाली घर सोडून आणि बापाच्या हातात काय, तर टोप्या! वल्हवताना तिचा चेहरा कसा होतो, ते मी एकदाही पाहिलेलं नाही. तिचे प्रशिक्षक म्हणाले, चेहरा हवा असेल तर पाण्याच्या पातळीवर या. मी आलो. (पातळीच्या जरा खालीच आलो, पण ते पुढे येईलच.)

पहिला घोळ कॅमेऱ्याच्या दुकानात झाला. तिथल्या बाईंनी विचारलं, नुसती बॉडी हवी की लेन्ससकट? मी म्हटलं, आमच्या धंद्यात बॉडीचं माप घेतात, विकत नाहीत. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, एक असतो वॉटरप्रूफ आणि एक असतो वॉटर रेझिस्टंट. हा फरक मात्र मला चटकन कळला, कारण कापडवालेही आम्हाला एक कापड 'आटत नाही' म्हणून देतात आणि दुसरं 'फारसं आटत नाही' म्हणून. पण पुढे त्या म्हणाल्या की जो छोटा कॅमेरा पाण्यात बुडवला तरी चालतो, त्याला लांबचं नीट दिसत नाही, आणि ज्याला लांबचं दिसतं, तो भिजला की संपला. म्हणजे भिजणाऱ्याला दिसतं आणि न दिसणारा भिजत नाही. (की उलट? दुकानात पाठ केलं होतं, आता लिहिताना पुन्हा गोंधळलो. तुम्हीच काय ते लावून घ्या.) शेवटी चेहरा बघायचा म्हणून दिसणारा घेतला आणि भिजणार नाही याची जबाबदारी माझ्यावर घेतली. इथेच माझी मती फिरली.

बाई म्हणाल्या, त्याला ड्राय बॅग घ्या. पिशवी चांगली होती, तोंड गुंडाळून बंद केलं की आत थेंब जात नाही. पण कॅमेरा पिशवीत असला की फोटो निघत नाही, आणि बाहेर काढला की पिशवीचा उपयोग नाही. मी त्यांना विचारलं, मग फोटो काढायचा कधी? त्या म्हणाल्या, पाणी उडत नसेल तेव्हा. आता तळ्यात बसून पाणी उडत नसेल अशी वेळ कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं. घरी आलो, रेनकोटचं कापड काढलं आणि कॅमेऱ्यासाठी झबलंच शिवलं. पुढे लेन्सला गोल गळा, मागे बघायला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, आणि दोन्ही बाजूंना माझे हात आत घालायला कोपरापर्यंत येणाऱ्या बाह्या, त्यांच्या तोंडाशी घट्ट इलॅस्टिक. आयुष्यात इतकं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मजबुतीसाठी सगळीकडे दुहेरी शिलाई मारली. मग आत कोरडा रुमाल ठेवून नळाखाली धरलं, आणि रुमाल पिळून काढावा लागला. कापड पुन्हा पुन्हा तपासलं, कुठे फाटलेलं नाही, विरलेलं नाही. मी चक्रावून गेलो. तेवढ्यात तुमची मेहुणी (म्हणजे आमची ही) भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, सुईनं भोकं पाडूनच शिवता ना तुम्ही?"

साडूभाऊ, सगळं आयुष्य शिवण्यात गेलं, पण शिवणं म्हणजे ओळीनं भोकं पाडणं, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आणि मजबूत म्हणून मी दुप्पट भोकं पाडून ठेवली होती! मग सगळ्या टाक्यांवर मेण चोळलं, वरून चिकटपट्टी लावली. रुमाल कोरडा राहिला. पण मेणानं झबलं असं ताठ झालं की आत गेलेला हात बाहेर काढायला दुसरं माणूस लागायचं. घरी ती होती. होडीत ती नसणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी प्रशिक्षकांनी मला शिकाऊ लोकांची परातीसारखी पसरट कयाक दिली आणि शेवटच्या रेषेच्या पलीकडे, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नेऊन ठेवलं. म्हणाले, दोन्ही हातांनी वल्हं धरा. कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, दोन्ही हातांनी कॅमेरा धरा. हात माझे एकूण दोनच, हे दोघांनीही विचारात घेतलेलं दिसत नाही. मी वल्हं आडवं ठेवलं आणि हात झबल्यात घातले. लांबून मनीची लाल होडी येताना दिसली, सगळ्यांच्या पुढे. मी खिडकीला डोळा लावला तर आत पांढरं धुकं. माझ्याच हातांच्या उबेनं प्लास्टिकला आतून वाफ धरली होती! बाहेरून असती तर पुसली असती, पण आतून पुसायचं कसं? हात आतच होते, तरी पुसायचं सुचलं नाही, इतका मी गडबडलो. मग झबल्यावरून मान काढून पाहावं म्हणून डावीकडे झुकलो. पुढचं तुम्ही पाहिलंत, तुमच्याबरोबर सगळ्या घरादारानं पाहिलं.

मला एवढंच आठवतं की पाण्यात माझे दोन्ही हात एकाच झबल्यात अडकलेले होते आणि अंगातल्या लाइफ जाकिटामुळे मी बुडतही नव्हतो, सरळही होत नव्हतो. मग मागून कुणीतरी कॉलर धरून मला ओढलं. (कॉलर माझ्याच हातची होती, टाकासुद्धा उसवला नाही.) ती मनी होती. रेषा ओलांडून ती थांबलीच नाही, तशीच माझ्याकडे आली. "बाबा, हात बाहेर काढा! हात!" असं ओरडत होती आणि मी म्हणत होतो, अगं, कॅमेरा भिजेल. पहिली आल्याचं तिला काठावर गेल्यावर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. आणि माझं नशीब बघा, पोरगी हातभर अंतरावर होती, टोपीही कुठेतरी उडाली होती, पण चष्मा गेलेला आणि डोळ्यांत तळं, त्यामुळे मला तेव्हाही नुसता ठिपकाच दिसला. जरा मोठा ठिपका. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो, पण खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

कॅमेरा दुकानात वाळतोय. त्यातले फोटो मात्र निघाले. धडपडीत लेन्स गळ्यातून आत सरकली असावी, सगळेच्या सगळे झबल्याच्या आतल्या बाजूचे आहेत. बाई म्हणाल्या, शिलाई छान आहे हो.

तेव्हा साडूभाऊ, या माणसावर दया करा आणि तो व्हिडिओ काढून टाका. ताईंनाही त्यांच्या मोबाइलमधून काढायला सांगा. लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

आपला,
सध्या कोरडा असलेला साडू

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात नवा चष्मा आला, आणि तुमच्या मेहुणीनं मोबाइल नाकासमोर धरून तो व्हिडिओ जबरदस्तीनं दाखवला. कृपा करून तो काढू नका. माझे पाय वर होतात त्याच्या जरा पुढे, उजव्या कोपऱ्यात मनी येते. टोपी नाही, मान वर, आणि जिभेचं टोक दातांत धरलेलं. मी सुईत दोरा ओवताना जीभ अशीच धरतो. तुमची मेहुणी त्यावरून मला किती वर्षं चिडवत आलीय. आम्ही तो इतक्यांदा पाहिला की आता तुमचं हसणंसुद्धा खटकत नाही. ग्रुपवर चेहरा बारीक आणि पुसट दिसतो. तुमच्या मोबाइलमध्ये मूळ व्हिडिओ असेल, तो ती जायच्या आत पाठवा. पाया पडतो. (आठही अंगांनी, खांद्याचं काय व्हायचं ते होवो.)

ता. ता. क. त्यातून फोटो करून भिंतीवर लावायचा आहे. कापण्याचं काम माझं असल्यामुळे स्वतःला आधीच कापून बघितलं, तर चेहरा छान राहतो, पण ती एवढी घाबरून कुणाकडे बघतेय ते कळत नाही. म्हणून माझा एक पाय ठेवतोय.