बासष्ट टक्के सूट आणि मामाचा मान

३ नोव्हेंबर
ताईकडे जेवण. तिच्या मुलीचं, आ-यिंगचं, लग्न तीस तारखेला. हाँगकाँगच्या जॉर्डन भागातलं रेस्टॉरंट, अठरा टेबलं. वाईन आपण नेली तर टेबलामागे दोन बाटल्यांपर्यंत ते उघडणावळ घेणार नाहीत. तेवढं तरी बरं.

भावोजी म्हणाले, वाईन त्यांच्या नेहमीच्या दुकानातून येईल. तीन फरशीची दुकानं काय आहेत, माणूस स्वतःला लाटसाहेब समजतो. मी म्हणालो, दुकानातून छापील किमतीला वाईन घेणं म्हणजे चोराला घरी बोलावून चहा पाजणं. मी ऑनलाइन निम्म्या किमतीत आणून दाखवतो. भावोजी हसले. नाकातून.

तेव्हा आ-यिंग म्हणाली, मामाच आणू देत, मामाला त्यातलं कळतं. शाळा सुटल्यावर नऊ वर्षं आमच्याकडे असायची. होमवर्क मीच घ्यायचो. त्या घरात अक्कल आहे ती तिलाच.

संकल्प: भावोजींनी तीस तारखेला, सगळ्यांसमोर, माझ्या वाईनचं कौतुक केलं पाहिजे. नाही करायला लावलं तर नावाचा यिउ नाही.

५ नोव्हेंबर
पहिल्या ऑर्डरला पंधरा टक्के सूट असते. मग पहिली ऑर्डर एकदाच का द्यायची? चार खाती उघडली. माझं, बायकोचं, सासऱ्यांचं, आणि बायकोच्या ऑफिसच्या ईमेलवरून एक. तिच्या फोनवर दिवसभर कोड येत राहिले. मीटिंगमध्ये. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, रिटायर झालेला माणूस घरात ठेवण्यापेक्षा माकड पाळलेलं बरं.

तिला धंद्यातलं काही कळत नाही. शिवाय सासऱ्यांचं खातं चाललं नाही. त्यांचं वय ब्याण्णव टाकलं तर साईट म्हणते, खरं वय टाका. खरंच ब्याण्णव आहे, गाढवांनो!

८ नोव्हेंबर
एक नामी युक्ती. बाटल्या कार्टमध्ये टाकायच्या आणि निघून जायचं. दुकान घाबरतं आणि मनधरणी करायला कूपन पाठवतं. सहा दुकानांत छत्तीस-छत्तीस बाटल्या टाकून ठेवल्यात. आता बसा म्हणावं बोंबलत.

९ नोव्हेंबर
एकही कूपन नाही. दोन दुकानांनी भाव वाढवले. म्हणजे घाबरलेत.

१० नोव्हेंबर
ताईचा फोन. भावोजी विचारतायत, वाईनचं काय झालं. म्हटलं, त्यांना सांग, फरशी पुसा. ताई म्हणाली, तुझं हे असंच असतं. काय असंच असतं? उद्या अकरा अकरा. वर्षातला सगळ्यात मोठा सेल. उद्या बघा.

११ नोव्हेंबर
मारलं मैदान! बासष्ट टक्के सूट! फ्रेंच, लाल, चांगल्या गावची. सहा पेट्या घेतल्या तरच बासष्ट, तीन घेतल्या तर चाळीस. मूर्ख माणूस तीन घेतो. मी सहा घेतल्या. न उघडलेल्या बाटल्या लग्नानंतर सात दिवसांत परत घेतात. म्हणजे छत्तीस वापरायच्या, छत्तीस परत, आणि सूट मात्र खिशात. या शहरात लाखो लोक डोळे मिटून खरेदी करतात, भावोजी त्यांचे मुकादम.

फोटो नखाएवढा होता. काळं लेबल, त्यावर कसलंसं पांढरं फूल. छान वाटलं. भारदस्त.

एवढ्या मोठ्या सेलमध्ये ही वाईन दुपारपर्यंत कोणीच उचलली नव्हती. नशीब लागतं त्याला.

१५ नोव्हेंबर
पेट्या आल्या. ट्रॉलीवाल्याने सहाही पेट्या उतरवल्या, टोपी काढली आणि हळूच विचारलं, घरात कोण गेलं?

पेटीवर हातभर मोठी पांढरी शेवंती. प्रत्येक बाटलीवर तीच. अंत्यविधीच्या हॉलबाहेर चक्रं करून लावतात ना, अगदी तश्शी. काळ्यावर पांढरी. बहात्तर वेळा.

बायको कामावरून आली, दारातच थबकली. म्हणाली, ही फुलं तरी घराबाहेर जातील नाहीतर तुम्ही. तिची आई अजून जिवंत आहे म्हणे, आणि ती तशीच राहायला हवी.

मेल्या फ्रेंचांना एवढंही कळू नये? आणि विकणारा तर इथलाच! हरामखोरांनी मुद्दाम फोटो बारीक टाकला.

१६ नोव्हेंबर
ग्राहकसेवेत केल्विन नावाचं कोणीतरी. अत्यंत नम्र. असल्या नम्र माणसांचा मला राग येतो. म्हणाला, सर, न उघडलेल्या सगळ्या आजच परत करा, पूर्ण पैसे मिळतील. मी विचारलं, आणि सूट? म्हणाला, सर, सूट संपली.

म्हणजे दुसरी वाईन पूर्ण भावाने घ्यायची. म्हणजे भावोजी नाकातून हसणार. म्हणजे आ-यिंग भरल्या टेबलावर माझ्यासाठी बोलली ते फुकट जाणार. ते होणे नाही. फोन ठेवला. तो पुढे अटी वाचून दाखवत होता, त्याच्या तोंडावरच ठेवला.

वाईन बाटलीच्या आत असते. लेबल बाहेर. लेबल निघतं.

१८ नोव्हेंबर
लेबल निघत नाही.

१९ नोव्हेंबर
थंड पाण्याने काही होत नाही. प्लास्टिकच्या टबात कडकडीत पाणी घेतलं, एका वेळी सहा बाटल्या, अर्धा अर्धा तास. मग चमच्याने खरवडायचं. फ्रेंच डिंक आहे, मान्य करावं लागेल. राहिलेला डिंक बायकोच्या हेअर ड्रायरने. हेअर ड्रायर वारला. शेवंतीमुळेच, बायको म्हणते.

छत्तीसच काढायची होती, पण तिने हट्ट धरला. घरात एकही फूल नको. मग बहात्तर. हाताची सालं निघाली. एका बाटलीतून थोडीशी वाईन बुचाजवळून बाहेर आली, पुसून टाकली. जिवंत वाईन आहे, श्वास घेणारच.

२२ नोव्हेंबर
छापखान्यातून नवी लेबलं आणली. लाल, त्यावर लग्नाचं सोनेरी जोडमंगल चिन्ह, खाली नवरानवरीची नावं. आ-यिंग आणि एडमंड. छत्तीस बाटल्यांवर चिकटवली. कसल्या दिसतायत! भावोजींच्या सात पिढ्यांनी अशी बाटली पाहिली नसेल. छपाईला थोडे पैसे गेले. गिझरच्या गॅसला थोडे. नवा हेअर ड्रायर. सगळं धरून सूट अजूनही एकवीस टक्के पडते. भावोजींना एकवीस तरी मिळाली असती का?

२६ नोव्हेंबर
ताईचा फोन. वाईन तयार आहे ना? म्हटलं, अशी वाईन हाँगकाँगने पाहिली नसेल. तिने फोन ठेवला. माझा आत्मविश्वास या लोकांना सहन होत नाही.

भाषण लिहिलं. भावोजींनी कौतुक केल्यावर उभं राहून म्हणायचं. नम्र आहे, पण टोचेल.

३० नोव्हेंबर, दुपार
सूट घातला. पोटावर येत नाही, श्वास धरून घातला. आज मुख्य टेबलावर मामाचा मान पहिला. मामाने जेवायच्या काठ्या उचलल्याशिवाय टेबलावर कोणी घास घेत नाही. आज सगळ्यांना कळेल.

१ डिसेंबर
लिहायची इच्छा नाही. पण खोटं लिहिणारे इतर खूप आहेत, म्हणून लिहितो.

बाटल्या घेऊन वेळेच्या आधी पोचलो. पाहुणे माहजाँगच्या सोंगट्या मांडून खेळत होते. मॅनेजर सिऊ, चेहऱ्यावर लोणी थापलेला माणूस, बाटली उलटसुलट करून म्हणाला, कंपनीचं लेबल कुठाय? म्हटलं, लग्नाचं लेबल आहे. म्हणाला, कुठली आहे, कोणी केली, हे बाटलीवर नसेल तर आम्ही वाढत नाही. उद्या कोणाचं पोट बिघडलं तर? माझ्या वाईनने पोट बिघडेल म्हणतो! मी त्याची आई, त्याचं रेस्टॉरंट आणि त्याचा वाडग्यातला मासा, सगळं काढलं. माहजाँग थांबला.

मी म्हणालो, मग लग्नात काय पाणी पाजणार? तो म्हणाला, काळजी नको, वाईन आत आहे. नवरीबाईंनी तीन तारखेलाच फोन करून सांगून ठेवलीय. अठरा टेबलांची. आमच्या दराने.

तीन तारीख. म्हणजे ते जेवण झालं त्याच रात्री.

भावोजी मागेच उभे होते. वाटलं, आता नाकातून हसतील. हसले नाहीत. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला, बसू या. हा माणूस मला मेला तरी आवडणार नाही.

मुख्य टेबलावर बसलो आणि काठ्या उचलल्या नाहीत. निषेध म्हणून. थोड्या वेळाने पाहिलं तर डुकराचं कुरकुरीत कातडं संपलं होतं. शार्कच्या नावाखाली शेवया घातलेलं सूपही. कोणी थांबलं नव्हतं. आ-यिंग ग्लास घेऊन आली, माझ्यापुढे वाकली, लाल पोशाखात. मी तिला काही विचारलं नाही. भाषण खिशातच राहिलं.

केल्विनला सकाळी फोन केला. म्हणाला, सर, मूळ लेबल असेल तरच परत. ते त्या दिवशी तुम्हाला सांगतच होतो, सर.

२ डिसेंबर
नवरीचं तिसऱ्या दिवशी माहेरी येणं असतं. ताईकडून निघून आ-यिंग नवऱ्याला घेऊन आमच्याकडेही आली. बसायला जागा नाही, सगळीकडे पेट्या. एका पेटीवर बसली. लहानपणी होमवर्कला बसायची तशी, पाय दुमडून.

म्हणाली, मामा, तुझी वाईन उघड ना.

उघडली. रंग विटका, वास उकडलेल्या मनुकांचा. मी एक घोट घेतला. गरम पाणी. अर्धा अर्धा तास. बहात्तरच्या बहात्तर. एडमंडने ओठ लावून ग्लास हळूच बाजूला ठेवला. बायको म्हणाली, बैलाच्या शेपटीच्या रश्श्यात चालेल.

आ-यिंगने मोठा घोट घेतला, गिळला आणि म्हणाली, मामा, छान आहे रे.

तो आवाज मी ओळखला. त्या रात्री जेवताना, मामाच आणू देत, म्हणाली होती, तोच.

ग्लास तिने पूर्ण संपवला. मग मी दुसरा ओतायला गेलो, तर तिने हात आडवा धरला.